जुना राउंड बेलर घेताय? या चुका टाळा

मुंबईत नोकरी आणि वाडा-मुरबाडकडे भातशेती, असे बरेच जण कापणीनंतर जुना बेलर, म्हणजे पेंढा गोळा करून त्याच्या गोल गाठी (गठ्ठे) बांधणारं, ट्रॅक्टरला जोडायचं मशीन, शोधू लागतात. पेंढ्याला तबेल्यांचं गिऱ्हाईक असतंच. पण बहुतेक जण रंग बघून भाव करतात. ताजा रंग मारलेला बेलर दिसला की मी तर आधी वेल्डिंगचे जोड शोधतो.

दुसरी चूक, रिकामं मशीन फिरवून बघणं. रिकामा बेलर सगळ्यांचाच गोड चालतो. शेतात पेंढ्याची ओळ लावून चार-पाच गाठी बांधायला सांगा. मग पीटीओ (ट्रॅक्टरची ताकद मशीनला देणारा शाफ्ट) बंद, इंजिन बंद, चावी खिशात, आणि रोलरच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगांवर टेंपरेचर गन धरा. एखादं बाकीच्यांपेक्षा बरंच तापलं असेल तर ते जायच्या वाटेवर आहे. पहारीने रोलर उचलून खेळ, म्हणजे ढिलेपणा, किती आहे तेही बघा. शाफ्टवर सुतळी गुंडाळलेली असेल तर ती ब्लेडने कापून काढायला लावा. ती हळूहळू सील खाते आणि ग्रीस बाहेर येतं. खराब बेअरिंगांचे नंबर लिहून घ्या, मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात भाव विचारा आणि मगच घासाघीस करा. पिकअपचे (जमिनीवरचा पेंढा उचलणाऱ्या भागाचे) दाते आणि गिअर मात्र त्या मॉडेललाच बसणारे लागतात. ते मिळतात का, हे आधी विचारलेलं बरं.

स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन फिरवणाऱ्या चाकाचे, दात आकड्यासारखे वाकले असतील तर नुसती चेन बदलून भागत नाही, नवी चेनही लवकर जाते.

गाठ बांधून झाल्यावर सुतळी तुटत नाही? पाती बोथट झालीय किंवा सुतळीचा ताण ढिला आहे. गाठ एका बाजूला ढिली येते? आधी ट्रॅक्टर ओळीवर कसा चालतोय ते बघा, दोष दर वेळी मशीनचा नसतो. पेंढा अडकला तर चालू मशीनमध्ये हात घालायचा नाही, आणि वर उघडलेलं मागचं दार लॉक केल्याशिवाय त्याच्याखाली वाकायचं नाही.

सकाळच्या दवात गाठी बांधायची घाईही नको. ओलावा वीस टक्क्यांच्या वर गेला की गाठ आतून तापते, बुरशी धरते. गंजीला आगही लागू शकते.

पावसाळ्याआधी चेंबरमधला (गाठ तयार होते त्या कप्प्यातला) पेंढा पूर्ण काढा. कोकणच्या दमट हवेत तो ओल धरतो आणि पत्रा आतून गंजतो. ग्रीस भरल्यावर मशीन थोडं फिरवा, म्हणजे ते सगळीकडे पोचतं.