लांब शब्दापाशी मूल अडतंय? या चुका टाळा

'घर', 'आई', 'कमळ' सरसर वाचणारं मूल 'बाजारपेठेतून' दिसलं की थबकतं. बाराखडी तर पाठ असते! मग अडतं कुठे? बहुतेक वेळा आपणच शब्द चुकीच्या जागी तोडून दिलेला असतो.

'पुस्तक' घ्या. लिहिलेली अक्षरं बघून टाळ्या वाजवायला सांगितल्या तर मुलं तीन वाजवतात, पु-स्त-क. बोलताना मात्र आपण पुस्-तक म्हणतो, टाळ्या दोनच. जोडाक्षरातलं अर्धं अक्षर मागच्या अक्षराला जाऊन चिकटतं. म्हणून आधी शब्द मोठ्याने म्हणा, मग टाळ्या वाजवा आणि शेवटी पेन्सिलीने तुकडे पाडा: विद्-यार्-थी, बुद्-धि-बळ.

"ब ला काना बा, ज ला काना जा" हा पाढा लांब शब्दाला लावू नका. 'तून'पर्यंत पोचेतो पोर 'बाजार' विसरलेलं असतं. बा-जार-पे-ठे-तून, एवढे पाचच तुकडे पुरतात. तुकडे बरोबर येऊनही शब्द जुळत नसेल, तर 'बाजार' आणि 'पेठेतून' आधी वेगवेगळे म्हणवून घ्या.

शेवटचा प्रत्यय बोटाने झाकायची युक्ती चांगली, पण ती अर्धवट शिकवली जाते. 'पावसात'मधला 'त' झाकला तर उरतं 'पावसा', आणि मूल तिथे 'पाऊस' शोधत बसतं. शिवाय प्रत्यय लागला की तुकडेही सरकतात: द-गड, पण दग-डा-वर. पाऊस-पावसात, घोडा-घोड्यावर, दगड-दगडावर अशा जोड्या आधी नुसत्या तोंडी घोळवा. पुस्तक नंतर उघडा.

रफाराने तर भले भले फसतात. 'पर्वत'चं 'पवर्त', 'आशीर्वाद'चं 'आशीवार्द' होतं, कारण रफार दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि म्हणायचा असतो त्या अक्षराच्या आधी. पर्-वत असं तोडून लिहून दाखवलं की गोंधळ बराच कमी होतो. 'दर्या' आणि 'दऱ्या' मात्र शेजारी शेजारी ठेवून कानांनीच ऐकवा. समुद्राच्या 'दर्या'त 'द'वर जोर येतो, डोंगरातल्या 'दऱ्यां'त येत नाही.

आणि 'शेतकऱ्यांनी'ला मूल 'शेतकरी' म्हणून पुढे पळालं, तर लगेच शब्द सांगून टाकू नका. ते अंदाजाने वाचतंय. 'ऱ्यांनी'वर बोट ठेवून एवढंच विचारा, "इथे काय लिहिलंय रे?"