हलत्या नोटेशनसोबत जॅझ कसं ऐकावं

जॅझचं मूळ ध्वनिमुद्रण वाजतंय आणि पडद्यावर त्याच क्षणी एकेक स्वर पाच रेषांवर उमटतोय, असे व्हिडिओ यूट्यूबवर भरपूर आहेत. नोटेशन, म्हणजे स्वरलिपी, वाचता येत नाही म्हणून ते सोडून देऊ नका, नवख्या कानाला त्यांचा फार आधार होतो. फक्त आधी कान, मग डोळे हा क्रम पाळा.

सुरुवात ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘सो व्हॉट’ने करा. २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झालेली ही रचना ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममध्ये आहे. लय मध्यम आहे आणि माइल्स मोजकेच स्वर घेतो, त्यामुळे डोळ्यांची दमछाक होत नाही.

पडदा न बघता ऐका. सुरुवातीच्या संथ तुकड्यानंतर पॉल चेंबर्सचा बास मुख्य धून धरतो आणि पियानो दोन कॉर्डनी (एकत्र वाजणाऱ्या स्वरांनी) उत्तर देतो, पहिली लांब, दुसरी तोकडी. पुढे ट्रंपेट-सॅक्सोफोनही त्या उत्तरात सामील होतात. दीड मिनिटाच्या सुमारास झांजेवर जोरदार आघात होतो आणि माइल्सचा सोलो, म्हणजे एकट्याचं वादन, सुरू होतो. ही जागा कानात पक्की बसू द्या.

मग आवर्तन मोजा. चार मात्रांचा एक बार, असे ३२ बार, म्हणजे आठ-आठ बारचे चार भाग. पहिला, दुसरा आणि चौथा भाग एकाच स्वरसमूहात आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर काफी थाट. तिसऱ्या भागात तोच थाट राहतो, पण सा अर्ध्या स्वराने वर सरकतो. पडद्यावर फ्लॅटच्या (स्वर अर्ध्याने उतरवणाऱ्या ♭) खुणांची गर्दी झाली की तुम्ही तिसऱ्या भागात आलात असं समजा.

इथे एक गोष्ट तपासून घ्या. ट्रंपेटसाठी लिहिलेलं नोटेशन प्रत्यक्ष आवाजापेक्षा एक पूर्ण स्वर वर असतं. पहिल्या भागात एफ आणि सी या स्वरांना शार्पची (अर्ध्या स्वराने चढवणारी ♯) खूण दिसली, तर नोटेशन बहुधा ट्रंपेटवादकासाठी आहे. एकही खूण नसेल, तर जे ऐकू येतं तेच लिहिलेलं आहे. सोबत पेटी घेऊन बसणाऱ्यांना हे माहीत हवंच. आणखी एक अडचण म्हणजे जुन्या आवृत्त्यांत ही रचना किंचित चढी वाजते. टेपच्या वेगातला तो दोष होता, १९९० च्या दशकात तो दुरुस्त झाला.

आता पडद्याकडे बघा, पण स्वरांची नावं शोधू नका. ओळ कुठे चढते, कुठे उतरते आणि कुठे रिकामी राहते, एवढंच टिपा. माइल्सच्या सोलोतले विराम मला त्याच्या स्वरांइतकेच मोलाचे वाटतात. तो थांबतो तेव्हा बास आणि ड्रम्स पुढे येतात, आणि कोरी जागा डोळ्यांसमोर असली की हे चटकन उमगतं.

सोलोतलं एखादं वाक्य, म्हणजे स्वरांचा सलग तुकडा, आवडलं की व्हिडिओचा वेग ०.७५ करा. स्वर उतरत नाही, फक्त चाल मंदावते. तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावून सोबत गुणगुणा. गळ्यात बसलेलं वाक्य पुढच्या वेळी आपोआप ओळखू येतं.

याच टप्प्यावर कान आणि डोळे यांच्यात तफावत जाणवेल. कागदावर दोन अर्ध्या मात्रा सारख्या दिसतात, वाजताना मात्र बऱ्याचदा पहिली लांब आणि दुसरी आखूड येते. हाच स्विंग. काही स्वर मात्रेच्या जरा मागे रेंगाळतात, तेही लिहिता येत नाही. शिवाय हे सोलो आयत्या वेळी सुचलेले आहेत. नोटेशन नंतर कुणीतरी ऐकून उतरवलेलं असतं. त्यामुळे मतभेद झालाच तर कानावर भरवसा ठेवा.

शेवटी याच रचनेतला जॉन कोल्ट्रेनचा सोलो लावा. तेच ३२ बार, तेच स्वर, पण टेनर सॅक्सोफोनच्या ओळी पडदा भरून टाकतात. दोन्ही सोलोंचा फक्त तिसरा भाग पाठोपाठ बघा. कोल्ट्रेनचीच ‘जायंट स्टेप्स’ ही रचना त्यानंतरच उघडा. तिथे कॉर्ड इतक्या झपाट्याने बदलतात की पहिले काही दिवस वेग निम्मा ठेवणंच बरं.