खरोखर वीज देणारं छोटं जनित्र कसं करावं

विज्ञान प्रदर्शनात कोयनेची प्रतिकृती हमखास असते, आणि तिचा दिवा आत दडवलेल्या सेलवर पेटतो. ज्या सातारा जिल्ह्यात धरणाचं पाणी आणि पठारावरचा वारा दोन्ही वीज देतात, तिथल्या मुलांना हे का शिकवायचं? खरं जनित्र एका संध्याकाळी होतं.

पुठ्ठ्याची चपटी नळी करा, दोन्ही टोकं उघडी: आठ सेंटिमीटर लांब, आठ रुंद, साडेतीन उंच. रुंद बाजूंच्या मधोमध लांब खिळा आरपार घाला. मोटार रिवायंडिंगच्या दुकानातून तीस गेजची शंभर-सव्वाशे ग्रॅम तार आणा आणि खिळ्याच्या दोन्ही अंगांना मिळून पाचशे वेढे एकाच दिशेने गुंडाळा. टोकांवरचं वार्निश पॉलिश पेपरने घासा.

आता चुंबक. बहुतेकांचं जनित्र इथेच मरतं. ‘जुन्या स्पीकरचं गोल चुंबक खिळ्यात ओवा’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. तो साफ चुकीचा आहे. त्या चुंबकाचे ध्रुव त्याच्या दोन सपाट तोंडांवर असतात. ते स्वतःभोवती कितीही गरगर फिरलं तरी तारेला काहीच बदललेलं जाणवत नाही. 1831 मध्ये फॅराडेने दाखवलं ते हेच: वेटोळ्यातून जाणारं चुंबकत्व बदलत असेल तेवढा वेळच वीज निर्माण होते. नुसतं फिरणं कामाचं नाही.

म्हणून पाच सेंटिमीटर लांबीची चार आयताकृती चुंबकं घ्या आणि नळीच्या आत खिळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अशी लावा, की ती खिळ्याला मध्ये धरून एकमेकांना ओढतील. ढकलत असतील तर फेविक्विक लावून जबरदस्ती करू नका, एक जोडी उलटी करा. नीट बसली की एपॉक्सीने पक्की करा. मग नळीच्या उघड्या तोंडाशी होकायंत्र धरून खिळा बोटाने सावकाश फिरवा. अर्ध्या फेरीत सुई पूर्ण उलटली पाहिजे. नुसती थरथरली तर पुढे जाऊच नका.

दोन लाल एलईडी एकमेकांना उलटे जोडून तारेच्या टोकांना लावा. खिळा ड्रिलमध्ये धरून फिरवा, डोळ्यांवर चष्मा हवाच. दिवे आळीपाळीने पेटतात, कारण वीज प्रत्येक अर्ध्या फेरीला दिशा बदलते.

एका फेरीत विजेचं एक आवर्तन होतं, म्हणजे ती एकदा इकडे आणि एकदा तिकडे वाहते. घरातली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनांची असते; त्यासाठी मिनिटाला 3000 फेरे लागतील. कोयनेची अजस्र जनित्रं एवढी पळत नाहीत; त्यांच्या फिरत्या चक्राच्या कडेला उत्तर-दक्षिण ध्रुवांच्या अनेक जोड्या बसवलेल्या असतात, त्यामुळे कमी फेऱ्यांत तेवढीच आवर्तनं मिळतात.