गोडी छाटणीच्या फवारण्या आणि पाठीवरच्या पंपाचा धूर

नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या द्राक्षबागांत गोडी छाटणीची, म्हणजे फळासाठीच्या छाटणीची, घाई सुरू आहे. पोंगा अवस्थेपासून (डोळे फुगून फुटू लागतात तेव्हापासून) पुढचे दोन महिने डाउनी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने पंपाला उसंत नसते, आणि परतीचा पाऊस रेंगाळला तर दिवसाआड फवारणी ठरलेली. औषधाचं प्रमाण, पाण्याचा सामू (पीएच), नोझल यांवर आपण तासन्‌तास बोलतो. टाकीत कोणतं पेट्रोल ओतलं आणि सायलेन्सरमधून काय बाहेर पडतंय, हे मात्र फवारणाऱ्याचं डोकं धरलं की मगच आठवतं. तेव्हाही खापर औषधावरच फुटतं.

ट्रॅक्टरच्या ब्लोअरचा विषय वेगळा. इथे बोलायचंय ते टू-स्ट्रोक पाठीवरच्या पंपाबद्दल आणि ग्रासकटरबद्दल. या इंजिनात नवं मिश्रण सिलिंडरमध्ये शिरत असतानाच जळका धूर बाहेर पडत असतो. त्याच्याबरोबर पाव हिस्सा, कधी त्याहूनही जास्त पेट्रोल न जळताच निघून जातं. पैसे जातात ते जातातच, शिवाय त्या धुरात बेन्झिन असतं, जे रक्ताच्या कर्करोगाला कारण ठरतं. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 पेट्रोल आलं, गंधक 10 पीपीएमवर (दहा लाखांत 10 भागांवर) उतरलं, हे खरं. पण बेन्झिनला त्यात अजून 1 टक्क्यापर्यंत मुभा आहे. गाडीत धूर गाळणारं यंत्र असतं. पाठीवरच्या पंपात तसलं काही नाही आणि त्याचा सायलेन्सर माणसाच्या पाठीमागे हातभर अंतरावर.

पहाटे वारा पडलेला असतो. वेलींचा मांडव पानांनी भरला की धूर वर निघत नाही, ओळीतच घुटमळतो. यातला कार्बन मोनॉक्साइड सगळ्यात फसवा: त्याला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. फडकं बांधा, एन-95 लावा किंवा औषधासाठीचा कार्ट्रिजवाला मास्क घाला, हा वायू त्यातून आरपार जातो. मास्क औषधासाठी घालायचाच, पण धुराचा बंदोबस्त इंजिनातच व्हायला हवा. डोकं जड होणं, मळमळ, गरगरणं एवढंच असेल तर इंजिन बंद करून माणसाला मांडवाबाहेर मोकळ्या हवेत बसवा. सोबत दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या असतील तर विषबाधा समजा. मोकळ्या हवेतही उतार पडत नसेल किंवा शुद्ध हरपत असेल तर धूर की औषध याचा काथ्याकूट नको. दोन्ही वेळी 108 ला फोन करा आणि औषधाची बाटली लेबलसकट दवाखान्यात न्या. पेठ-सुरगाण्याहून आलेल्या मजुरांना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. गरोदर बाईला चालू पंपाजवळ काम देऊ नका.

आता पेट्रोल. पेट्रोल पंपावर मिळतं त्यात 20 टक्के इथेनॉल असतं. त्याने धुरातला कार्बन मोनॉक्साइड थोडा घटतो, ही जमेची बाजू. पण हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या छोट्या कार्बोरेटरला सेन्सर नसतो. इथेनॉलसोबत ऑक्सिजन जादा येतो, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन तापतं. इंजिन चोकशिवाय धरत नसेल, रेस दिल्यावर अडखळत असेल तर स्क्रू स्वतः फिरवत बसू नका, मेस्त्रीकडून सेटिंग करून घ्या. जुना पंप असेल तर नळी आणि डायफ्राम इथेनॉलला टिकणारे बसवा.

इथेनॉल पाणी ओढतं. महिनाभर कॅनमध्ये पडलेल्या पेट्रोलात पाणी वाढलं आणि निफाडची थंडी पडली की इथेनॉल-पाण्याचा थर तळाशी बसतो. पेट्रोलात मिसळलेलं टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकचं तेल) वरच्या पेट्रोलात राहतं, आणि टाकीची नळी नेमका तळाचा थर ओढते. मग पिस्टन जाम. खात्री करायची तर कॅन न हलवता तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा; दुधाळ दिसलं किंवा दोन थर दिसले तर ते पंपात घालू नका. पाणी घालून इथेनॉल काढून टाकायचा एक उद्योग हल्ली चालतो. तो करू नका. पेट्रोलचा ऑक्टेन (इंजिनात ठोके न देता जळण्याची क्षमता) उतरतो आणि ते खालचं पाणी शेवटी बांधावर किंवा विहिरीजवळच ओतलं जातं.

तेलाच्या बाबतीत आपला हात सढळ. ‘इंजिन टिकतं’ म्हणून बाटलीच्या झाकणाने अंदाजे दोन झाकणं ओतली जातात आणि बागेत निळा धूर होतो. पंपाच्या पुस्तिकेत 25:1 (25 भाग पेट्रोलला 1 भाग तेल) लिहिलं असेल तर लिटरला 40 मिली, 50:1 असेल तर 20 मिली, औषधाच्या मापाने नव्हे तर वेगळ्या मापाने मोजून. बाटलीवर ‘जासो एफसी’ किंवा ‘एफडी’ हा तेलाचा दर्जा पाहून घ्या, हे कमी धुराचं तेल. मोटारसायकलचं फोर-स्ट्रोक ऑइल किंवा गाडीचं काढलेलं जुनं तेल अजिबात नको. महागडं 95 ऑक्टेन पेट्रोल टाकून धूर कमी होईल, हा गैरसमज आहे.

स्वीडनमध्ये जंगलात चेनसॉ चालवणाऱ्यांसाठी अल्किलेट पेट्रोल आलं, त्यात बेन्झिन जवळपास नसतंच. आपल्या नेहमीच्या पेट्रोल पंपावर ते मिळत नाही, आणि कार्बन मोनॉक्साइड त्यानेही संपत नाही. नवा पंप घ्यायचाच असेल तर लहान प्लॉटला बॅटरीचा, मोठ्याला फोर-स्ट्रोक पाहा.

पेट्रोल आठ-पंधरा दिवसांपुरतंच आणा, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये, सावलीत. पाण्याच्या बाटलीत कधीच नको. टाकी भरताना इंजिन गार होऊ द्या आणि ती ओळीत न भरता बांधावर भरा. फवारण्या थांबल्या की टाकी रिकामी करून उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन बाहेर मोकळ्यावर चालवा. कांदाचाळीत किंवा बंद शेडमध्ये नको.