संध्याकाळी पोटशूळाने रडणारं बाळ: आम्हाला काय लागू पडलं

पाचव्या आठवड्यापासून बाळ रोज सहाला रडायला लागायचं, ते थेट नऊपर्यंत. मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी, चेहरा लालबुंद. डॉक्टरांनी तपासलं, वजन नीट वाढत होतं, ताप-उलटी नव्हती. खुळखुळा, झोका, सारखं पाजणं, सगळं करून झालं. एकदा मीही त्याच्याबरोबर रडले.

लागू पडलं ते असं: रडं चढायच्या आधीच, साडेपाचला पाजलं. खांद्यावर उभं धरून ढेकर येईपर्यंत थांबले, कधी पंधरा मिनिटंसुद्धा. मग दिवा मालवून त्याला हातावर पालथं घेतलं: गाल माझ्या कोपराच्या खळीत, पोट हातावर, पंजाने मांडी घट्ट धरलेली. तसंच संथ चालत राहिले. मुठी सुटल्या की झोप लागली समजायचं. खाली ठेवताना मात्र उताणंच.