परसातल्या कोंबड्यांसाठी हिरवा चारा: खान्देशातल्या उन्हात कसा पिकवावा

कोंबडी नुसती चरत नाही, उकरते. मेथीचा वाफा तिच्यासाठी मोकळा सोडला तर पाने कमी खाल्ली जातात आणि मुळेच जास्त उपटली जातात. म्हणून काय पेरायचे ते नंतर बघू. आधी मुळे वाचवण्याची सोय करा.

जुन्या फळ्यांची किंवा विटांची दोन बाय चार फुटांची, सहा-सात इंच उंचीची चौकट करा. आत तीन-चार इंच माती भरा. निव्वळ काळी माती घेऊ नका, ती उन्हात तडकते आणि पाणी दिले की चिखल होतो. तिच्यात कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू कालवा. वरून अर्धा इंची चौकोनी जाळी ताणून ठोका. कोंबड्या जाळीवर चढणारच, तेव्हा ती खाली झुकू नये म्हणून मधे एक आडवी पट्टी द्या. तारांची टोके खाली वळवा, नाहीतर पायांना जखमा होतात. आता कोंब जाळीबाहेर येईल तेवढाच खुडला जाईल आणि खालून पुन्हा फुटेल.

चौकटी निदान दोन हव्यात. एक चरायला खुली, दुसरी झाकलेली. जाळीवर पाला चार बोटे आला की अदलाबदल करा.

बियाण्याच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवा. दुकानातले गुलाबी-निळ्या रंगाचे बी म्हणजे औषध चोळलेले बी. त्यात पुष्कळदा थायरम हे बुरशीनाशक असते. कोंबड्यांच्या पोटात ते गेले तर अंडी मऊ कवचाची पडतात, वाढत्या पिलांचे पाय वाकडे होतात. घरच्या कणगीतली बाजरी, किराणा दुकानातली मेथी आणि चवळी हेच बरे. ज्वारी टाळा. कोवळी ज्वारी गुरांना बाधते हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. कोंबड्यांवर तो प्रयोग कशाला?

पावसाळ्यात चवळी, राजगिरा, तांदुळजा पेरा. घोळ तर न पेरता उगवते. तिला तण म्हणून उपटू नका, कोंबड्या ती आवडीने खातात. थंडीत मेथी आणि पालक. लसूणघास ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकावा. बी बारीक असते, एका चौकटीला चहाचा एक चमचा पुरे; वाळूत मिसळून फेका, म्हणजे एका जागी पडत नाही. पहिल्या चराईला दोन महिने लागतात, तोवर धीर धरा. पुढे महिन्याभरात पुन्हा भरतो आणि नीट सांभाळला तर दोन-तीन वर्षे टिकतो.

खरी परीक्षा एप्रिल-मेची. जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 अंशांवर गेला की उघड्यावरची चौकट करपते. ती शेवग्याखाली किंवा हिरव्या शेडनेटखाली सरकवा, सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी द्या आणि बाजरीवर भागवा. चार-पाच दिवसांत कोंब वर येतात. शेवगा दारात असावाच. जूनमध्ये मनगटाएवढी जाड फांदी रोवली तरी लागते. पुढे त्याच्या फांद्या छाटून खुराड्यात कोंबडीच्या डोक्याएवढ्या उंचीवर टांगायच्या, पाला अर्ध्या तासात साफ होतो.

हिरव्याने अंड्याचा बलक गडद होतो आणि खाद्य थोडे वाचते, एवढेच. दाणा बंद करता येत नाही. अंड्यावरच्या कोंबडीला प्रथिने आणि कॅल्शियम लागतेच. शिंपल्यांचा भुगा वेगळ्या वाटीत ठेवा. बारीक खडीही हवी, तिच्यावाचून पाला पोटात दळला जात नाही. लांब, जून गवत बोटाच्या पेरापेक्षा आखूड कापून टाका, नाहीतर गळ्याखालच्या पिशवीत त्याचा गोळा होतो.

शेजारच्या कपाशीवर फवारणी चालू असेल त्या दिवशी कोंबड्या कोंडा आणि चौकटींवर ताडपत्री टाका. वाऱ्याने औषध उडून पाल्यावर बसलेच, तर तो कापून फेकून द्या आणि नवा फुटवा येऊ द्या.