कुत्रा आखाड्यावर, हरभरा वाऱ्यावर: रब्बीच्या राखणीचा सल्ला

हरभरा उगवून दोन पानांवर आला की सशाचं तोंड लागतं. घाटे भरू लागले की रानडुक्कर येतं, आणि ज्वारी हुरड्यावर आली की डुकराबरोबर रोहीही (नीलगायी) उतरतात. पेरणीपासून पौषापर्यंतचे हे दिवस राखणीचे. गावोगाव राखणीला कुत्री आहेत, तरी सकाळी पिकाची तासंच्या तासं, म्हणजे ओळीच्या ओळी, उकरलेली दिसतात. कारण बहुतेक ठिकाणी एकच: कुत्रा आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, बैलांशेजारी बांधलेला आणि जनावराची वाट शेताच्या दुसऱ्या टोकाला, ओढ्याकडून. कुत्रा रात्रभर भुंकतो, मालक निवांत झोपतो. डुकराला चार रात्रींत कळतं की हा आवाज जागचा हलत नाही. पाचव्या रात्री ते भुंकणं ऐकत ऐकत चरतं.

म्हणून कुत्रा कोणता घ्यायचा हे ठरवण्याआधी तो कुठं बसणार ते ठरवा. पेरणी झाली की सकाळच्या उन्हात धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, एक फेरी मारा. ओल्या मातीतले खूर, कुंपणाखालची घसपट, काट्याला अडकलेले राठ केस आणि सशाच्या गोल लेंड्या बघा. तीन-चार फेऱ्यांत वाटा पक्क्या होतात, साधारण एका शेताला दोन किंवा तीन. कुत्र्याची जागा त्या वाटांवर ठरते, आखाड्यावर नाही.

आता कुत्रा. लातूर, नांदेड, सोलापूर पट्ट्यातला कारवानी आणि सीमेपलीकडचा, कर्नाटकातला मुधोळ पळायला वाऱ्यासारखे. पण ही नजरेवर पळणारी जात आहे. जनावर दिसलं की ती गुपचूप सुटते, भुंकते कमी. राखणीला नेमकं उलटं हवं, आधी आवाज आणि पळणं गरजेपुरतं. इंग्लंडात ग्रेहाउंडसारख्या पळणाऱ्या कुत्र्याचा मेंढपाळी कॉलीशी किंवा टेरिअरशी संकर करून लर्चर तयार करतात. रात्री बॅटरीच्या झोतात ससे धरायला तो वापरतात. वेग एकाचा, डोकं दुसऱ्याचं. आपल्याकडं कारवानी बाप आणि शेतावर वाढलेली गावठी किंवा धनगरी आई असं पिल्लू त्याच धर्तीचं निघतं: पाय लांब, कातडी चिवट आणि आवाज आईचा.

एक गोष्ट मात्र तिकडची उचलायची नाही. आपला रानससा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. कुत्रा मागं सोडून त्याला धरणं, तसा प्रयत्न करणंही शिकारीत मोडतं, आणि डुकराचंही विनापरवाना तेच. (इंग्लंडातही २००४ च्या कायद्यानं रानससा कुत्र्यानं मारायला बंदी आहे. तिथं ज्याला धरतात तो बिळातला रॅबिट, वेगळं जनावर.) आपल्या कुत्र्याचं काम भुंकून परतवणं, एवढंच.

पिल्लू निवडताना वंशावळीचा कागद पाहू नका, आई पाहा. आई रात्री धुऱ्यावर बसते का आणि अनोळखी आवाजाला किती वेळ भुंकते, हे तिच्या मालकाच्या शेतावर दिवेलागणीनंतर जाऊन बघा. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. टिनाचा डबा जवळ आपटला तर दचकून मागं सरावं, पण मिनिटभरात डबा हुंगायला परत यावं. कोपऱ्यात दबून बसलेलं नको आणि डब्याकडं ढुंकूनही न पाहणारंही नको. बोटं घट्ट मिटलेली, छाती खोल, बेंबीला गाठ नाही, वरचे दात खालच्या दातांना पुढून किंचित झाकणारे, एवढं पुरे. पेपरवालं पिल्लू म्हणून हजारो रुपये मागणारा दलाल तुम्हाला फक्त रंग आणि उंची विकतो.

नर की मादी? राखणीला मादी बरी, असं आमचं मत. भाद्रपद ते कार्तिक कुत्र्यांचा माजाचा काळ, आणि तीच रब्बीची पेरणी-उगवण. नर त्या दिवसांत चार-चार रात्री गावात असतो. नर असेल तर वर्षाचा झाल्यावर खच्चीकरण करून घ्या. मादीचंही ऑपरेशन करा, नाहीतर आखाड्यावर गावातले सगळे नर गोळा होतील.

पिल्लाची बाकीची कामं:

– जंताचं औषध: तीन महिन्यांपर्यंत दर १५ दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, पुढं दर तीन महिन्यांनी, वजन करून
– ६ ते ८ आठवडे: पार्व्हो, डिस्टेंपरची लस, ३–४ आठवड्यांनी पुन्हा
– ३ महिने: रेबीज, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरा डोस, मग दरवर्षी न चुकता
– खाणं: भाकरी, वरण, ताक, उकडलेलं अंडं, शिजवलेल्या कोंबडीची हाडं नकोत
– मोठं जेवण सकाळी, संध्याकाळी हलकं. पोटभर खाल्ल्यावर दोन तास पळवू नका
– गोचीड: अमित्राझ १२.५ टक्के, २ मि.लि. एक लिटर पाण्यात, अंग ओलं करून सावलीत वाळवा, चाटू देऊ नका. लहान पिल्लाला डॉक्टरांना विचारूनच

कॅल्शियमचं सिरप, ‘वाढीची’ पावडर, परदेशी खाद्याची पोती दुकानदार हटकून गळ्यात मारतो. अंडं आणि ताक चालू असेल तर त्यातलं काही लागत नाही. गोचिडासाठी कुत्र्याच्या खोपीत करंजाचा किंवा कडुनिंबाचा पाला अंथरावा असं जुने लोक म्हणतात. त्यानं किती फरक पडतो ते खात्रीनं सांगता येत नाही. जनावरांचं आयव्हरमेक्टिन मात्र अंदाजानं टोचू नका.

शिकवणं चार महिन्यांपासून. पहिला शब्द एकच, ‘ये’. दहा मीटरचा दोर गळपट्ट्याला बांधा, हाक मारा, आला नाही तर दोर हळू ओढून जवळ घ्या, आल्यावर भाकरीचा तुकडा द्या. घरात सगळ्यांनी तोच शब्द वापरावा. एकानं ‘ये’, दुसऱ्यानं ‘चल’, तिसऱ्यानं शिट्टी मारली तर कुत्रा कुणाचंच ऐकत नाही. दोर सहा महिने सोडू नका. आलेल्या कुत्र्याला उशिरा आला म्हणून मारलंत तर पुढच्या वेळी तो येणारच नाही.

सहा महिन्यांपासून रोज संध्याकाळी दोरावर धरून त्याच वाटांवर न्या. वाटेवर थांबा. त्यानं कान टवकारून आवाज दिला की पाठ थोपटा आणि लगेच ‘ये’ म्हणून परत बोलवा. भुंकणं आणि परत येणं ही जोडी डोक्यात बसली पाहिजे. शेळ्या, कोंबड्या, वासरं यांच्यात दोरावर फिरवून सवय करा. रात्रीचं पूर्ण काम वर्षाच्या आत देऊ नका, पायाची हाडं भरलेली नसतात.

बॅटरीचा झोत सशावर कधी टाकू नका. दोन रात्रींत कुत्रा शिकतो की उजेड पडला म्हणजे पळायचं. मग तुम्ही पाण्याच्या पाळीला बॅटरी पेटवली तरी तो पिकातून धावत सुटतो. झोत स्वतःच्या पायाशी टाका आणि हाक मारा. उजेड म्हणजे मालकाकडं परत, हीच सवय लागू द्या.

आता पुन्हा जागा, कारण नुकसान इथंच होतं. वाटेच्या समोर, पिकात ३० ते ४० फूट आत दोन मजबूत खांब रोवा. त्यांच्यात सहा फूट उंचीवर ८ गेजची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) तार ताणा, लांबी ७० ते १०० फूट. तारेवर लोखंडी कडी, कडीला आठ फुटांची साखळी, मध्ये भोवरकडी (गोल फिरणारी कडी). खांबापासून नऊ-दहा फूट अलीकडं तारेला गाठ मारा, म्हणजे साखळी खांबाला गुंडाळणार नाही. कुंपण साखळीच्या पल्ल्याबाहेर राहू द्या, नाहीतर उडी मारून कुत्रा लटकतो. खोपी तारेच्या मधोमध, तोंड वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूला, आत कडबा आणि गोणपाट. कारवानी रक्ताच्या अंगावर चरबी नसते, त्याला मार्गशीर्षातली थंडी बाधते. पाणी रोज.

वाटेच्या अगदी तोंडावर बांधू नका. पिल्लं असलेली डुकरीण किंवा जखमी डुक्कर परत फिरत नाही, अंगावर येतं, आणि बांधलेला कुत्रा पळू शकत नाही. दोन कुत्री असतील तर दोन वाटांवर ठेवा. एकच असेल तर दर चार रात्रींनी जागा बदला. याचा कंटाळा हाच खरा तोटा. कुत्रा चांगला, तार चांगली, आणि महिनाभर एकाच जागी, मग तो आखाड्यावर बांधल्यासारखाच. अमावस्येच्या आसपास डुकरं जास्त येतात असा बऱ्याच जणांचा अंदाज आहे, तेव्हा त्या चार रात्री माचाणावर माणूसही बसवा. मागं हाक देणारा कुणीतरी आहे हे कळलं की कुत्र्याचं भुंकणंही वाढतं.

बिबट्याच्या भागात हे करू नका. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर आणि उसाचा फड जवळ असलेलं कुठलंही शिवार. ऊसतोड सुरू झाली की बिबटे हलतात, आणि रात्री बांधलेला कुत्रा म्हणजे त्यांना आमंत्रण. तिथं कुत्रा अंधार पडायच्या आत बंद, जाळीच्या, छत असलेल्या खुराड्यात घ्या. खिळ्यांचा पट्टा लांडग्यापुढं उपयोगी पडतो, बिबट्यापुढं त्याच्यावर विसंबू नका.

आवाज काढणारी यंत्रं, वासाच्या फवारण्या दुकानात दरवर्षी नव्या नावानं येतात. जागचं न हलणारं कुठलंही यंत्र चार रात्रींत डुकराच्या अंगवळणी पडतं, आखाड्यावरच्या कुत्र्यासारखंच. कुंपणात थेट विजेचा प्रवाह सोडणं बेकायदा आहे, आणि त्यात माणसं मेली आहेत.

उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडचं आमिष ठेवणार असाल तर त्या रात्री कुत्रा तारेवर नको. मेलेले उंदीर सकाळी गोळा करून खोल पुरा. या विषावर उतारा नाही. कुत्र्यानं खाल्लंय अशी नुसती शंका आली तरी उलटीची वाट न बघता डॉक्टर गाठा.

एवढं करूनही पीक गेलंच तर शेत नीट करू नका. खुरांसकट फोटो काढा आणि तीन दिवसांच्या आत वनविभागाकडं लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पंचनामा होईपर्यंत उकरलेली तासं तशीच राहू द्या, आणि त्या रात्रीच कुत्रा नव्या वाटेवर हलवा.